गृहोद्यान : पाणथळ कोपरा आणि सोनेरी फूल

नांवावरून वस्तूची पारख करूं नये, असें आपले वडीलधारे सांगत आले आहेत. बागेच्या बाबतींत तर हा उपदेश पदोपदीं आठवावा लागतो. इंग्रजी भाषेंत ज्या फुलास 'मार्श मॅरिगोल्ड', म्हणजे शब्दशः 'दलदलींतला झेंडू', असें म्हणतात, त्याचा आपल्या दसऱ्याच्या झेंडूशीं रंगापलीकडे कांहीं एक संबंध नाहीं. रंग मात्र असा कीं, पाहणाऱ्यानें क्षणभर थबकावें. थंड देशांतील ओढ्याकाठीं हिवाळ्याची कळा अजून पुरती ओसरली नसतांना चिखलांतून हीं झळझळीत पिवळीं फुलें वर येतात. म्हणूनच त्या देशांतील लोकांनीं त्यांस 'किंगकप', म्हणजे 'राजाचा पेला', असेंही नांव दिलें आहे.

या फुलाविषयीं विचारणा करणारीं पत्रें आमच्याकडे अलीकडे आलीं, याचें आश्चर्य वाटावयास नको. आपल्या किती तरी घरांतील मुलगे, मुली, सुना व जांवई आज इंग्लंड-अमेरिकेंत स्थायिक झाले आहेत. त्यांच्या परसांतील गोष्टी आतां इकडच्या माजघरांत चर्चिल्या जातात. पुण्याच्या एका वाचक भगिनी लिहितात कीं, त्यांच्या चिरंजिवांनीं इंग्लंडमध्यें घेतलेल्या घराच्या परसांत एका कोपऱ्यांत सदैव पाणी मुरलेलें असतें. चिरंजीव म्हणतात, चर खणून पाणी काढून द्यावें आणि वर फरशी घालावी. सूनबाईंनीं जवळच्या ओढ्यावर हें पिवळें फूल पाहिलें असून त्या म्हणतात, कोपरा तसाच ठेवावा आणि तेथें हीं रोपें लावावीं. "मीं कोणाची बाजू घ्यावी?" असा त्यांचा प्रश्न आहे. दुसरें पत्र नाशिकच्या एका सद्गृहस्थांचें. त्यांच्या भगिनी उन्हाळ्यांत परदेशाहून येणार आहेत. त्यांनीं येतांना बीं आणलें तर गच्चीवरील टाक्यांत हें फूल फुलेल काय, असें ते विचारतात.

दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें या वनस्पतीच्या स्वभावांतच आहेत. तेव्हां प्रथम तिची ओळख करून घेऊं.

हें कूळ कोणतें?

शास्त्रांत हिचें नांव 'कॅल्था पॅलुस्ट्रिस'. स्वीडनचा विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें तें इ. स. १७५३ मध्यें आपल्या ग्रंथांत नोंदविलें. 'पॅलुस्ट्रिस' म्हणजे दलदलींत राहणारी. झेंडू हा शेवंती व सूर्यफूल यांच्या कुळांतला आणि मूळचा मेक्सिकोकडचा. कॅल्था मात्र 'बटरकप' नांवाच्या पिवळ्या रानफुलांच्या कुळांतली. हें कूळ आपल्याला अगदींच परकें आहे असें नाहीं. सह्याद्रींत पावसाळा सरतांना झुडपांवर पांढऱ्या फुलांनीं डंवरणारी मोरवेल, लोणच्याच्या मसाल्यांत पडणारी कलौंजी आणि वैद्यांच्या बटव्यांतील जहाल बचनाग हीं सारीं याच कुळांतलीं भावंडें होत. एकाच घरांत एक वेल, एक मसाला आणि एक विष! कॅल्थेच्या अंगीं यांपैकीं कोणाचा गुण किती उतरला आहे, तें पुढें येईलच.

ही वनस्पति बहुवर्षायु आहे. उंची साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. देंठ पोकळ व रसरशीत. पानें गोलसर, देंठाशीं हृदयाप्रमाणें खांच असलेलीं, गडद हिरवीं आणि तुकतुकीत. फूल अडीच ते पांच सेंटिमीटर रुंद, पेल्यासारखें उमललेलें. त्यांत बहुधा पांच पिवळीं दलें आणि मध्यें पिवळ्याच पुंकेसरांचा दाट झुबका असतो. गंमत अशी कीं, आपण ज्यांस पाकळ्या समजतों, त्या वस्तुतः पाकळ्या नव्हेतच. कळीला झांकणाऱ्या ज्या बाहेरच्या दलांस आपण निदलें म्हणतों, तींच येथें रंगून पाकळ्यांचें काम करतात. फूल उलटून पाहावें. खालीं हिरवीं निदलें दिसलीं नाहींत, म्हणजे कॅल्थेची एक खूण पटली. ही खूण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग आहे.

आपल्या डोळ्यांस हें फूल सर्वत्र सारखेंच पिवळें दिसतें. मधमाशीला मात्र आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश दिसतो. तिच्या दृष्टीला दलांचा वरचा भाग एका रंगाचा आणि बुडाचा भाग दुसऱ्या रंगाचा भासतो. जणू मध कोठें आहे हें दाखविणारी खूणच तेथें काढून ठेविली आहे. थंड प्रदेशांत वसंताच्या आरंभीं फुलें थोडीं असतात आणि हिवाळ्यांतून उठलेल्या माश्या उपाशी असतात. अशा वेळीं पराग व मध पुरविणारें हें फूल म्हणजे त्यांचें अन्नछत्रच होय.

हिचें माहेर

युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका या थंड प्रदेशांतील ओली कुरणें, झऱ्यांचे कांठ आणि दलदली हें हिचें घर. परंतु आपल्या देशालाही ती अपरिचित नाहीं. हिमालयांत काश्मीरपासून सिक्कीमपर्यंत, सुमारें २,४०० ते ४,००० मीटर उंचीवर, बर्फ वितळून ओल्या झालेल्या कुरणांवर ती आढळते. पश्चिम हिमालयांत तिचा एक पांढऱ्या फुलांचा प्रकारही आहे. या पांढऱ्या प्रकाराच्या कथेंत मुंबईचा एक धागा गुंतला आहे. व्हिक्टर झाकमाँ नांवाचा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ इ. स. १८३१ मध्यें काश्मिरांत हिंडला. त्यानें आपल्या देशांत गोळा केलेल्या नमुन्यांवरून या पांढऱ्या फुलाचें वर्णन पुढें फ्रान्समध्यें प्रसिद्ध झालें. तें छापलेलें पाहण्याचें भाग्य मात्र त्याच्या कपाळीं नव्हतें. ता. ७ डिसेंबर १८३२ रोजीं, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, त्याला मुंबईंत मृत्यु आला. आज इंग्लंडमधील बागांतून तो पांढरा प्रकार हौसेनें लावला जातो. हिमालयाची लेक परदेशीं नांदते आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

या फुलाला लोकाचारांतही मान आहे. आयर्लंड आणि आइल ऑफ मॅन या भागांत मे महिन्याच्या पूर्वसंध्येला घराच्या उंबऱ्यावर व खिडकीशीं हीं फुलें ठेवण्याची जुनी चाल होती. त्या रात्रीं यक्षिणींसारख्या अदृश्य शक्ति संचार करतात आणि पिवळीं फुलें त्यांस घराबाहेर थोपवितात, अशी समजूत होती. दसऱ्याला दारावर झेंडूचें तोरण बांधणाऱ्या आपल्या घरांस ही चाल समजावून सांगण्याची गरज नाहीं. मंगल प्रसंगीं दारावर सोन्याचा रंग असावा, ही इच्छा मनुष्याची आहे, कोणा एका देशाची नव्हे.

नाशिकच्या प्रश्नाचें उत्तर

आतां नाशिकच्या सद्गृहस्थांचा प्रश्न. त्यांस आमचें उत्तर 'नाहीं' असें आहे, आणि तें कां, हें सांगणें आमचें कर्तव्य आहे.

या वनस्पतीला पाणी हवें, हें खरें. परंतु पाण्याइतकीच तिला थंडी हवी. तिच्या बियांची झोंप हिवाळ्याच्या दीर्घ गारठ्यानें मोडते. तिचें मूळही हिवाळा निजून काढतें आणि वसंतांत नव्या जोमानें पानें फेंकतें. बीं कांहीं आठवडे ओल्या वाळूंत घालून शीतपेटींत ठेविल्यास येथेंही कांहीं अंकुर निघतील, हें शक्य आहे. पण एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरील टाक्याचें पाणी हाताला चटका देऊं लागतें. त्या पाण्यांत हें रोप तग धरणार नाहीं. ज्याला जगवितां येत नाहीं, त्याला उगवूं नये. बागाइताचा हा साधा धर्म आहे.

शिवाय कायद्याचाही विचार आहे. परदेशांतून बीं, रोपें अथवा माती आणण्यावर आपल्या सरकारच्या २००३ सालच्या वनस्पति-संगरोध आदेशाचे निर्बंध आहेत. आयातीचा परवाना आणि तेथील अधिकाऱ्यांचें रोगमुक्ततेचें प्रमाणपत्र यांवांचून असें बीं पेटींत घालून आणूं नये. चिमूटभर बियांनीं काय होणार, असें वाटतें खरें. परंतु परक्या कीड-रोगांचा शिरकाव होण्यास चिमूटभर पुरते.

पाण्याकाठच्या रोपांची हौस असेल, तर आपल्या हवेंत सुखानें राहणाऱ्या वनस्पति काय थोड्या आहेत? वेखंड चिखलांत उत्तम येतो आणि त्याचें मूळ घरांत उपयोगी पडतें. ब्राह्मी उथळ पाण्याच्या कांठानें सुरेख पसरते. टाकें मोठें असेल तर कमळ आहेच. मात्र टाक्यांत डांस होणार नाहींत इकडे लक्ष ठेवावें. पाण्यांत चार लहान मासे सोडले म्हणजे काम भागतें.

पुण्याच्या प्रश्नाचें उत्तर

पुण्याच्या भगिनींस आम्हीं निःसंकोच सांगतों कीं, या खेपेस सुनेची बाजू घ्यावी. कोपरा बुजवूं नये. पाणी घराच्या पायाशीं साचत असेल, तर मात्र चिरंजिवांचें म्हणणें योग्य आहे. तेथें पाण्याला वाट दिलीच पाहिजे. पण परसाच्या टोंकाशीं मुरणारें पाणी हा दोष नव्हे. इतर लोक प्लॅस्टिक अंथरून व नळाचें पाणी सोडून जी जागा कृत्रिम रीतीनें तयार करतात, ती त्यांस निसर्गानें फुकट दिली आहे. या आग्रहामागचें अधिक मोठें कारण लेखाच्या शेवटीं येईल. तत्पूर्वीं लागवडीची रीत सांगतों. ती त्यांनीं सूनबाईंस जशीच्या तशी कळवावी.

जागा कशी असावी? ऊन असावें, निदान अर्धा दिवस तरी. पानगळीच्या झाडाखालची जागाही चालते, कारण वसंतांत फुलें येतात तेव्हां झाडावर पानें नसतात आणि उन्हाळ्यांत तेंच झाड सांवली देतें. माती भारी, पोयट्याची, ओल धरून ठेवणारी असावी. ती कधींही कोरडी पडतां कामा नये, हा मुख्य नियम. रोपाच्या माथ्यावर थोडें पाणी उभें राहिलें तरी चालतें, परंतु १० सेंटिमीटरांहून अधिक खोल बुडवूं नये. दोन रोपांत ३० ते ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावें.

परसांत तळें असेल तर रोप जाळीदार टोपलींत लावून कांठच्या उथळ पायरीवर ठेवावें. टोपलींत साधी भारी माती भरावी आणि वर बारीक खडीचा थर द्यावा, म्हणजे माती पाण्यांत मिसळत नाहीं. शेणखत किंवा कुजविलेला पाला घालण्याचा मोह आवरावा. तें खत पाण्यांत उतरतें, आणि फुलाऐवजीं शेवाळाचें पीक येतें.

तळें नसेल आणि ओलीही पुरेशी नसेल, तर सुमारें ३० सेंटिमीटर खोल खड्डा खणून त्यांत जाड प्लॅस्टिक अंथरावें. त्याला मीटर-मीटर अंतरावर टोंचून भोंकें पाडावीं. पाणी धरून राहावें पण अगदीं सडूं नये, हा हेतु. तळाशीं थोडी खडी घालून वर खणलेली माती पुन्हां भरावी. कोरड्या आठवड्यांत पाणी द्यावें, आणि तें शक्यतों छपरावरून पिंपांत साठविलेलें पावसाचें असावें. नळाच्या पाण्यांत विरघळलेले क्षार दलदलींतल्या रोपांना फारसे मानवत नाहींत.

बीं केव्हां पेरावें?

या प्रश्नावरच पुष्कळांची निराशा होते, म्हणून जरा सविस्तर लिहितों.

इंग्लंडमध्यें मार्चपासून मे-जूनपर्यंत फुलें येतात. फूल गळल्यावर तेथें लहान शेंगांचा तारकेसारखा झुबका तयार होतो. शेंगा वरच्या अंगानें उकलतात, आणि उघड्या वाटींत बिया दिसूं लागतात. पावसाचा टपोरा थेंब त्या वाटींत पडला कीं बिया तुषारांबरोबर बाहेर उडतात. बियांस हलका, सच्छिद्र भाग असल्यामुळें त्या पाण्यावर तरंगतात, आणि कांहीं आठवडे वाहत जाऊन दुसऱ्या कांठाला लागतात. म्हणजे बीं पिकल्यापासून रुजेपर्यंत तें ओलींतच असावें, अशी निसर्गाची योजना आहे. आपण मात्र तेंच बीं वाळवून, पुडींत बांधून, पुढच्या वर्षापर्यंत कपाटांत ठेवतों, आणि मग उगवलें नाहीं म्हणून कुरकुर करतों. वाळलेल्या जुन्या बियांची उगवण फार बेभरंवशाची असते.

तेव्हां रीत अशी ठेवावी. शेंगा पिवळट होऊन उकलूं लागल्या कीं त्या एका कागदी पिशवींत झाडून घ्याव्या. त्याच आठवड्यांत, म्हणजे जून-जुलैमध्यें, बीं पेरावें. पसरट कुंडींत मातीचें मिश्रण भरून पुरतें भिजवावें. वर बीं विरळ पसरावें, आणि तें जेमतेम झांकेल इतकीच वाळू किंवा बारीक माती टाकावी. कुंडी दोन-तीन सेंटिमीटर पाणी असलेल्या परातींत ठेवावी. परातींतलें पाणी कधीं आटूं देऊं नये. कुंडी घरांत न आणतां सबंध हिवाळा बाहेरच, सांवलींत राहूं द्यावी. थोडीं रोपें शरदांतच वर येतील. बाकीचीं गारठा सोसून वसंतांत येतील. म्हणून हिवाळ्यांत मोकळी दिसणारी कुंडी कोणी उपडी करूं नये.

रोपांस दोन-तीन खरीं पानें आलीं कीं एकेक वेगळें करून लहान कुंडींत लावावें, तीही परातींतच ठेवावी, आणि मुळें भरल्यावर जागेवर न्यावें. फूल बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं येतें. घाई करणाऱ्याचें हें काम नव्हे.

आणखी एक गोष्ट. या वनस्पतीचे पराग स्वतःच्याच फुलावर पडले तर बहुधा बीं धरत नाहीं. एकाच ठोंबाचे तुकडे करून दहा जागीं लावले, तरी तें मूळचें एकच झाड. त्यांत आपसांत बीं धरावयाचें नाहीं. ज्यांना बीं हवें असेल, त्यांनीं निदान दोन निरनिराळ्या ठिकाणचीं रोपें जवळजवळ लावावीं. सगोत्र विवाह वर्ज्य करण्याचा नियम केवळ मनुष्यांनींच केला आहे असें नाहीं!

ठोंब फोडून रोपें करणें

ज्यांना दोन-तीन वर्षें थांबणें नको, त्यांच्यासाठीं ठोंबाची विभागणी हा खात्रीचा मार्ग. तीन-चार वर्षांचा ठोंब चांगला माजला कीं फुलें सरल्यानंतर उन्हाळ्याच्या अखेरीस, किंवा वसंताच्या अगदीं आरंभीं, तो मातीसकट उचलावा. पाण्यांत खळबळून माती सोडवावी, म्हणजे डोळे दिसूं लागतात. प्रत्येक तुकड्यास निदान एक जोमदार डोळा आणि पुरेशीं पांढरीं मुळें राहतील अशा बेतानें हातानें वा धारदार सुरीनें ठोंब फोडावा. मुळें हवेंत वाळूं देऊं नयेत. काम चालू असतां तुकडे ओल्या फडक्यांत गुंडाळून ठेवावे आणि त्याच दिवशीं लावावे. पूर्वीं होता त्याच खोलीवर रोपाचा माथा असावा.

दुहेरी दलांचा, गेंदेदार फुलाचा जो प्रकार बागांतून मिळतो, तो बिनबियांचाच समजावा. तो या रीतीनेंच वाढवावा लागतो. तो शोभिवंत खरा, परंतु मधमाश्यांना त्याचा फारसा उपयोग नाहीं. म्हणून परसांत निदान कांहीं रोपें साध्या एकेरी फुलांचीं असावींत.

निगा थोडीच. फुलें सरल्यावर भर उन्हाळ्यांत पानें मलूल पडतात, कधीं त्यांवर भुरी येते. घाबरूं नये. तीं पानें कापून टाकावीं. रोप मेलेलें नसतें, निजलेलें असतें. ओल असली तर नवीं पानें फुटतात, आणि क्वचित् शरदांत पुन्हां एखाददुसरें फूलही येतें.

मुलाबाळांच्या घरीं सावधगिरी

कुळाचा उल्लेख करतांना आम्हीं बचनागाचें नांव घेतलें, तें उगीच नव्हे. कॅल्थेचें विष बचनागाइतकें जहाल नाहीं आणि तें निराळ्या जातीचें आहे. परंतु तिच्या ताज्या रसांत एक दाहक द्रव्य असतें. कातडीला तो रस लागला तर आग होते, फोड येतात. पोटांत गेला तर तोंड व आंतडीं पोळतात. म्हणून ठोंब फोडतांना हातमोजे घालावे आणि काम झाल्यावर हात धुवावे. मुलांना फूल पाहूं द्यावें, पण तोडून तोंडांत घालूं देऊं नये. कुरणांतलीं जनावरें ही वनस्पति बहुधा टाळतात. गवतांत वाळून गेल्यावर मात्र तिचा दाहकपणा निघून जातो. कांहीं जुन्या पुस्तकांतून हिचीं पानें उकडून खाण्याचे किंवा कळ्या खारवण्याचे प्रकार सांगितलेले आढळतात. ते आपल्या स्वयंपाकघरांत करूं नयेत. 'मॅरिगोल्ड' नांवाच्या एका दुसऱ्या फुलाच्या पाकळ्या तिकडे खाद्यांत वापरतात. नांवाच्या सारखेपणामुळें चूक होऊं नये, एवढ्यासाठींच हें लिहिलें.

अमेरिकेंत राहणाऱ्यांस आणखी एक सूचना. तेथें ओल्या जागीं 'लेसर सेलंडाइन' नांवाचें एक युरोपीय फूल माजलें आहे. तेंही पिवळें, तेंही चकचकीत पानांचें, आणि तेंही वसंतांतलें. परंतु तें एकदां शिरलें कीं स्थानिक रानफुलांना गुदमरवून सोडतें. त्याच्या मुळांशीं लहान गांठी असतात. गांठ तुटली तरी प्रत्येक तुकड्यापासून नवें रोप होतें. शेजाऱ्यानें प्रेमानें दिलेलें रोप लावण्यापूर्वीं फूल उलटून पाहावें. खालीं तीन हिरवीं निदलें, वर सात-आठ वा अधिक अरुंद पाकळ्या आणि मुळाशीं गांठी असल्या, तर तें कॅल्था नव्हे. नम्रपणें नकार द्यावा.

कोपरा कां राखावा?

आतां त्या मोठ्या कारणाकडे वळूं. इंग्लंडच्या पूर्व भागांत 'फेन' नांवाचा विस्तीर्ण दलदलीचा मुलूख होता. सतराव्या शतकांत, १६३० नंतरच्या काळांत, कॉर्नेलियस व्हर्मायडेन या डच अभियंत्याच्या देखरेखीखालीं तेथें मोठमोठे कालवे खणून पाणी समुद्राकडे काढून दिलें गेलें. उत्तम शेतजमीन मिळाली, यांत शंका नाहीं, आणि तिच्यावर लक्षावधि लोकांचें पोट भरलें. परंतु पाणी गेलें तसें पाण्यावर जगणारेंही गेलें. उरलेल्या दलदलीचा एक तुकडा तरी राखावा म्हणून तेथील 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेनें इ. स. १८९९ मध्यें विकन फेन येथें दोन एकर जागा घेतली. पुढें तिच्यांत भर पडत गेली, आणि आज तें त्या देशांतील सर्वांत जुन्या निसर्ग-राखीव स्थानांपैकीं एक आहे. कुरणांची कथाही अशीच आहे. इंग्लंड व वेल्समधील रानफुलांनीं भरलेल्या जुन्या कुरणांपैकीं सुमारें ९७ टक्के कुरणें १९३० च्या दशकानंतर नाहींशीं झालीं, असा तेथील अभ्यासकांचा हिशेब आहे.

हीं कुरणें कोणा दुष्टानें नष्ट केलीं नाहींत. प्रत्येकानें आपापल्या ठिकाणीं विचार केला कीं, या एका ओल्या तुकड्याचा काय उपयोग? चर खणावा, कोरडी जमीन करावी. असे हजारों शहाणे विचार एकत्र आले, आणि फुलें गेलीं. पुण्याच्या भगिनींच्या चिरंजिवांचा फरशीचा विचार याच जातीचा आहे. त्यांत त्यांचा दोष कांहीं नाहीं. परंतु कोपरा राखला तर हिशेबाच्या दुसऱ्या बाजूस एक आंकडा पडेल. चार हातांच्या चिखलांत दहा ठोंब फुलतील, बेडकांस आसरा मिळेल आणि मार्चमधल्या उपाशी माश्यांस घांसभर अन्न मिळेल.

मात्र रोपें ओढ्यावरून उपटून आणूं नयेत. ब्रिटनमध्यें १९८१ च्या वन्यजीव कायद्यान्वयें जमीनमालकाच्या परवानगीवांचून कोणतीही रानवनस्पति मुळासकट उपटणें हा गुन्हा आहे. कायदा नसता तरीही ती रीत बरी नव्हे. फूल वाढविण्याच्या हौसेनें ओढ्याचा कांठ ओका करणें म्हणजे देवाला वाहण्यासाठीं शेजाऱ्याचें तुळशीवृंदावन उपटण्यासारखें आहे. विश्वासाच्या रोपवाटिकेंतून, तेथेंच बियांपासून वाढविलेलें रोप घ्यावें. आपल्याकडेही कासच्या पठारावर सोनकीचा पिवळा बहर पाहून कित्येकांचे हात शिवशिवतात. त्यांनाही आमची हीच विनंति आहे. फूल जेथलें तेथेंच शोभतें आणि तेथेंच टिकतें.

म्हणून या महिन्यापुरतें सांगणें एवढेंच : परदेशीं आपलीं माणसें असतील, आणि त्यांच्या परसांत पाणी मुरणारा कोपरा असेल, तर त्यांस एक पत्र टाकावें. बुजवण्यापूर्वीं एक वर्ष थांबा म्हणावें. हिवाळ्यांत पाणी किती राहतें, उन्हाळ्यांत किती उरतें, ऊन कोठून येतें, हें वहींत टिपून ठेवा म्हणावें. इतकें पाहिल्यावर काय लावावें, हें ती जागाच सांगेल.

पुढील अंकीं कुंडींतील वेखंडाची लागवड.